विश्लेषण : युद्ध युक्रेनमध्ये, पेच जिनिव्हात… ‘सर्न’ने रशियाशी संबंध कसे तोडले?

शोधनिबंधाच्या शीर्षकाखाली लेखकांची नावे आणि त्यांच्या संस्था असतात. त्यात वेगळे काही नाही. मात्र मार्च २०२२ नंतर जवळपास वर्षभर जगातील सर्वांत मोठ्या मूलकण प्रयोगशाळेतील, म्हणजे ‘सर्न’मधील महाप्रयोगांचे निबंध लेखकांच्या यादीशिवायच ऑनलाइन येत राहिले. कारण भौतिकशास्त्राचे नव्हते, युक्रेन युद्धाचे होते.

नावांवरून वाद का झाला?

जिनिव्हाजवळ स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या हद्दीखाली २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात ‘सर्न’चा लार्ज हेड्रॉन कोलायडर आहे. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडला तो इथेच. ‘अ‍ॅटलास’ आणि ‘सीएमएस’ या दोन प्रयोगांच्या एकेका निबंधावर सुमारे तीन हजार नावे असतात. त्यात रशियन असतात तसे युक्रेनीही. युक्रेन २०१६ पासून ‘सर्न’चा सहयोगी सदस्य आहे.

युद्ध सुरू झाल्यावर काही दिवसांतच रशियन विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या संघटनेने सरकारला पाठिंबा देणारे पत्र काढले. या संस्थांच्या पंगतीला आपले नाव नको, अशी भूमिका अनेकांनी घेतली. दुसरीकडे, हजारो रशियन वैज्ञानिकांनी युद्धाविरोधात जाहीर पत्रावर सह्या केल्या होत्या. वर्षानुवर्षे बरोबर काम केलेल्या अशा सहकाऱ्याचे नाव कसे गाळायचे? एकमत होईना, तशी नियतकालिकांतील प्रसिद्धी रखडली. ज्येष्ठ प्राध्यापकांना त्याने फार फरक पडत नाही. पीएचडी संपवून नोकरी शोधणाऱ्याला मात्र छापील निबंध लागतो, मग तो कुठल्याही देशाचा असो.

तोडगा २०२३ च्या सुरुवातीला निघाला. रशियन आणि बेलारुसी संस्थांतील लेखकांची नावे कायम राहिली, पण संस्थेच्या नावाच्या जागी ‘सर्नशी सहकार्य करार असलेल्या संस्थेशी संलग्न’ अशा अर्थाची ओळ आली. माणूस ओळखता यावा म्हणून प्रत्येक लेखकाला मिळणारा ऑर्किड क्रमांक जोडला गेला. ओळ सरकारी कारकुनाने लिहिल्यासारखी आहे खरी, पण गाडी पुढे सरकली ती तिच्यामुळेच.

करार लगेच का मोडले नाहीत?

‘सर्न’च्या परिषदेने ८ मार्च २०२२ रोजी रशियाचा निरीक्षक दर्जा स्थगित केला आणि नवे सहकार्य थांबवले. चालू करार मात्र तिथल्या तिथे मोडले नाहीत. मुदत संपल्यावर त्यांचे नूतनीकरण करायचे नाही, असा इरादा जूनमध्ये जाहीर झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्यानुसार बेलारूसचा करार २७ जून २०२४ रोजी, तर रशियाचा ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपला. रशियन संस्थांशी जोडलेल्या ५०० च्या आतल्या वैज्ञानिकांचा ‘सर्न’मधील प्रवेश बंद झाला. इतर देशांतील संस्थांमध्ये काम करणारे रशियन नागरिक राहू शकले. निकष पासपोर्टचा नव्हता, संस्थेचा होता.

या अडीच वर्षांची गरज का होती, हे यंत्राकडे पाहिले की कळते. ‘सीएमएस’ शोधक यंत्राच्या एका भागातले पितळ रशियन नौदलाच्या तोफगोळ्यांची दुसऱ्या महायुद्धातील दहा लाखांहून अधिक कवचे वितळवून आले आहे. प्रकाशकणांची ऊर्जा मोजणाऱ्या ७५ हजारांवर स्फटिकांपैकी बहुतेक रशियात घडले. सुटे भाग आज ना उद्या दुसरीकडे बनवता येतात. पण ते सांभाळायचे कसे, बिघडले तर काय करायचे, हे ज्यांच्या हातात बसले होते त्यांच्याकडून काम शिकून घ्यायला वेळ हवा होता.

एक फट मात्र राहिली. मॉस्कोजवळील दुब्ना येथील अणुसंशोधन संस्था आंतरराष्ट्रीय असल्याने तिच्याशी असलेला करार २०२४ मध्ये कायम ठेवण्यात आला. ती रशियात आहे, हे सर्वांना माहीत आहे. युक्रेनचा विरोध त्यामुळेच होता आणि तो समजण्यासारखा आहे.

शीतयुद्धात सहकार्य कसे टिकले?

‘सर्न’ने सोव्हिएत संघाशी करार केला १९६७ मध्ये. पुढच्याच वर्षी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, १९७९ मध्ये अफगाणिस्तानात. तरी सहकार्य चालू राहिले. मात्र तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया ‘सर्न’चा सदस्य नव्हता. यावेळी हल्ला झालेला देश टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेला होता.

भारताचा काय संबंध?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक ‘सीएमएस’मध्ये सुरुवातीपासून आहेत. यंत्राचा एक थर भारतीय गटांनी बांधला. बोगद्यातील चुंबकांचे भार पेलून ते नेमक्या जागी ठेवणारे सुमारे सात हजार जॅक भारताने पुरवले. भारताच्या सहयोगी सदस्यत्वाचा करार मुंबईतच नोव्हेंबर २०१६ मध्ये झाला.

बहिष्काराची दुसरी बाजूही भारताने पाहिली आहे. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर तत्कालीन अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष आर. चिदंबरम यांना अमेरिकेने वैज्ञानिक परिषदेसाठी व्हिसा नाकारला. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र अमेरिकेच्या निर्बंध यादीत गेले. त्याच काळात जिनिव्हात मात्र भारतीय गटांचे काम सुरू होते.

रशियन संस्थांनी ‘सर्न’ सोडल्याला दीड महिना झाला, तेव्हा म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, अमेरिकेने भाभा केंद्राचे नाव यादीतून काढले. पोखरणनंतर २६ वर्षांनी.