विश्लेषण : आपला तो बाब्या? सिडनी, वानखेडे आणि वर्णावरच्या शेरेबाजीचे दोन न्याय

१० जानेवारी २०२१. सिडनी कसोटीचा चौथा दिवस. सीमारेषेजवळ उभा असलेला मोहम्मद सिराज खेळ थांबवून पंचांकडे गेला आणि प्रेक्षकांतून शिवीगाळ होत असल्याचं त्यानं सांगितलं. आदल्या दिवशीही त्याच्याबद्दल आणि जसप्रीत बुमराबद्दल भारतीय संघानं तशीच तक्रार केली होती. खेळ काही मिनिटं थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आलं. मैदान सोडण्याचा पर्याय पंचांनी दिला होता, पण कर्णधार अजिंक्य रहाणेनं खेळायचं ठरवलं, असं सिराजनं नंतर सांगितलं.

त्या दिवशी भारतातल्या प्रत्येक फोनवर एकच सूर होता : हा वर्णद्वेष आहे, खपवून घेऊ नका. सूर बरोबरच होता. भारतीय खेळाडूंना वर्णद्वेषी शेरेबाजी सहन करावी लागली, हे क्रिकेट ऑस्ट्रेलियानंही २७ जानेवारीला मान्य केलं. (बाहेर काढलेले ते सहा जण मात्र दोषी नव्हते, हेही तेव्हाच जाहीर झालं.)

पण याच्या सातच महिने आधी, जून २०२० मध्ये, एका खेळाडूनं जवळपास अशीच तक्रार केली होती. तेव्हा आपला सूर बराच वेगळा होता.

काय होतं ‘कालू’ प्रकरण?

वेस्ट इंडिजला दोन टी-२० विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार डॅरेन सॅमी आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळायचा. तिथं त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला ‘कालू’ म्हणून हाक मारली जायची. या शब्दाचा अर्थ ‘दमदार घोडा’ वगैरे असावा, असं त्याला वाटायचं. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर आंदोलन पेटलेलं असताना, विनोदवीर हसन मिनहाजचा कार्यक्रम पाहून त्याला खरा अर्थ कळला. सॅमी चिडला आणि त्यानं जुन्या सहकाऱ्यांकडे खुलासा मागितला. संघातल्या एका भारतीय गोलंदाजाची २०१४ ची इन्स्टाग्राम पोस्टही वर आली. तिच्यात हाच शब्द चक्क लिहिलेला होता.

प्रतिक्रिया काय आल्या? काहींनी माफी मागितली, पण बरेच जण म्हणाले, त्यात काय एवढं, आपल्याकडे उंच मुलाला लंबू म्हणतात, जाड मुलाला मोटू. पुढे सॅमीनंच सांगितलं की एका सहकाऱ्याशी बोलणं झालं आणि ते प्रेमानं म्हटलं होतं, असं त्यानं सांगितलं. त्यावर विषय मिटला.

(आमच्या इंजिनीअरिंगच्या होस्टेलमध्येही एक ‘काळ्या’ होता. आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये त्याचा नंबर त्याच नावानं सेव्ह होता. त्याला ते आवडतं का, हे चार वर्षांत कुणी विचारल्याचं आठवत नाही. मीही नाही.)

आता सिडनीचा प्रेक्षक ‘मी मस्करी केली’ म्हणाला असता, तर आपण ऐकून घेतलं असतं का?

वानखेडेवर काय घडलं होतं?

सॅमीचं प्रकरण निदान ड्रेसिंग रूममधलं होतं. ऑक्टोबर २००७ मधला प्रकार हजारो लोकांसमोर झाला. ऑस्ट्रेलियाचा संघ सात वनडे सामन्यांसाठी भारतात आला होता. वडोदऱ्यात प्रेक्षकांनी अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून माकडासारखे आवाज काढल्याची तक्रार झाली. स्थानिक अधिकाऱ्यांनी आधी असं काही घडलंच नाही, असा पवित्रा घेतला. मग १७ ऑक्टोबरला मुंबईत वानखेडेवर तेच घडलं. या वेळी माकडासारखे हातवारे करणाऱ्या प्रेक्षकांची छायाचित्रंच छापून आली. पोलिसांनी चौघांवर कारवाई केली. सायमंड्स त्या मालिकेचा मालिकावीर होता.

सायमंड्स कोण होता, हे इथं महत्त्वाचं. जन्म इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. जन्मदात्यांपैकी एक जण कॅरेबियन वंशाचा. एका गोऱ्या दांपत्यानं त्याला दत्तक घेतलं आणि तो ऑस्ट्रेलियात वाढला. म्हणजे ज्या ऑस्ट्रेलियन संघाला आपण ‘गोऱ्यांचा संघ’ म्हणतो, त्यातला तो काळ्या वंशाचा खेळाडू होता.

तीन महिन्यांत चित्र उलटं कसं झालं?

जानेवारी २००८, पुन्हा सिडनी. सचिन तेंडुलकर आणि हरभजन सिंग फलंदाजी करत असताना हरभजन आणि सायमंड्स यांच्यात बाचाबाची झाली. हरभजननं ‘मंकी’ म्हटलं, असा ऑस्ट्रेलियाचा आरोप. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी त्याच्यावर तीन कसोटींची बंदी घातली. भारतात संताप उसळला, पुतळे जाळले गेले, दौरा राहतो की जातो अशी वेळ आली.

त्या दिवसांत सुनील गावसकर यांनी स्तंभात विचारलेला प्रश्न खूप गाजला : गोऱ्या माणसानं गोऱ्याचा शब्द सावळ्या माणसाच्या शब्दापेक्षा खरा मानला का? प्रॉक्टर दक्षिण आफ्रिकेचे, गोरे. त्यामुळे प्रश्न लोकांना भिडला. पण त्यात एक अडचण होती. तक्रारीच्या केंद्रस्थानी असलेला माणूस गोरा नव्हताच. वर्णद्वेषाच्या आरोपाची ही सगळी चर्चा आपल्यावर झालेल्या अन्यायाची झाली आणि तीन महिन्यांपूर्वीचा वानखेडेचा स्टँड त्यातून जवळपास गायबच झाला.

अपिलात २९ जानेवारीला न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांनी बंदी उठवली. वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध होत नाही, असं ठरवून त्यांनी शिवीगाळीसाठी सामन्याच्या मानधनातली निम्मी रक्कम दंड म्हणून कापली. तेंडुलकरनं साक्षीत हिंदी शिवी ऐकल्याचं सांगितलं होतं. ‘माँ की’ आणि ‘मंकी’ यांत ऐकणाऱ्याची गल्लत झाली असावी, असा भारतीय बाजूचा मुद्दा होता. हरभजनच्या पूर्वीच्या शिक्षांची पूर्ण माहिती सुनावणीत आपल्यापुढे आलीच नव्हती, हे हॅन्सन यांनी नंतर सांगितलं.

तेव्हा हरभजन नेमकं काय म्हणाला, हे आज कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. वानखेडेवर काय झालं, याचे मात्र फोटो आहेत. त्या महिन्यात जास्त राग कशाचा आला, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं.

नियम काय म्हणत होता?

आयसीसीच्या तेव्हाच्या आचारसंहितेतल्या कलम ३.३ मध्ये वंश, धर्म, रंग, मूळ यांवरून अपमान करणारी भाषा किंवा हावभाव हा गंभीर गुन्हा होता. साध्या शिवीगाळीसाठी वेगळं कलम, २.८. हरभजनचं प्रकरण पहिल्यावरून दुसऱ्यावर आलं. नियमात दोन खाने होते. लोकांच्या मनात मात्र तिसरा खाना असतो : ‘आपला माणूस’. तिथं बोलणाऱ्याचा हेतू पाहिला जातो. परका बोलला, तर ऐकणाऱ्याला काय लागलं, ते पाहिलं जातं.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा डॅरेन लेहमन बाद झाल्यावर ड्रेसिंग रूममध्ये श्रीलंकेच्या खेळाडूंबद्दल वर्णद्वेषी शिवी ओरडला. त्यानं माफी मागितली, श्रीलंकेनं ती स्वीकारली आणि फक्त ताकीद देऊन प्रकरण संपत आलं. मग आयसीसीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी स्वतः मोठा आरोप ठेवला आणि पाच वनडेंची बंदी लागली. २०२१ मध्ये इंग्लंडच्या ऑली रॉबिन्सनचे जुने ट्वीट निघाले. बोर्डानं त्याला निलंबित केल्यावर ही कारवाई अतीच झाली, असं खुद्द तिथल्या सांस्कृतिक मंत्र्यांनी म्हटलं. त्याच वर्षी यॉर्कशायर क्लबमधल्या वर्णद्वेषाविरुद्ध संसदीय समितीपुढे बोलणाऱ्या अझीम रफीकचे ज्यूंबद्दलचे २०११ मधले मेसेज दोनच दिवसांत बाहेर आले. त्यानं सबबी न सांगता माफी मागितली.

आणि आपलाच खेळाडू तक्रार करतो तेव्हा?

ऑगस्ट २०१७ मध्ये भारताचा सलामीवीर अभिनव मुकुंद यानं ट्विटरवर एक निवेदन टाकलं. लहानपणापासून उन्हात खेळून रापलेल्या त्वचेवरून आपल्याला काय काय ऐकावं लागतं, हे त्यात होतं. ऐकवणारे ऑस्ट्रेलियन नव्हते. विराट कोहलीनं पाठिंबा दिला. पण काही तासांत मुकुंदला आणखी एक खुलासा करावा लागला : याचा सध्याच्या संघातल्या कुणाशीही संबंध नाही, कृपया भलता अर्थ काढू नका.

माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णन यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये लिहिलं, की रंगावरून भेदभाव आपण आयुष्यभर सोसला, तोही आपल्याच देशात. सिडनीत सिराजसाठी आपण सगळे पेटून उठलो, त्यालाही तेव्हा दहा महिने झाले होते. शिवरामकृष्णन यांच्यासाठी कुठलाही सामना थांबला नाही.