मावशीचा ब्रश आणि बाबांचं ताट

आमच्याकडे 'कारखाना' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोह्यात कारखाना म्हणजे धाटावचा, केमिकलचा, भोंग्याचा. पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचा. माझे बाबा पहिल्यातून रिटायर झाले. मावशी अजून दुसऱ्यात आहे. ती गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. म्हणजे मूर्तीला रंग लागला, पितांबर सोनेरी झालं, सगळं झालं तरी जोवर मावशीचा बारीक ब्रश फिरत नाही, तोवर बाप्पा आपल्याकडे बघतच नाहीत!

सीझनमध्ये, म्हणजे मे महिन्यानंतर, मी शुक्रवारी ऑफिस सुटलं की पनवेलला रोहा गाडी पकडते आणि घरी जायच्या आधी पेणला उतरते. रात्री कारखान्यात काम चालू असतं. कोपऱ्यातल्या फळीवर टीव्ही चालू असतो. एकामागोमाग एक चार मालिका होतात आणि मावशी मान वर न करता त्या चारही 'बघते'.

"मावशी, तू बघतेस की ऐकतेस?" मी एकदा विचारलं.

"ऐकते गं. बघायला काय आहे त्यात? वीज कडाडली की समजायचं, कोणीतरी दारात आलं."

हसू नका. मावशीला नगावर पैसे मिळतात. जितके डोळे, तितके पैसे. मान वर करणं तिला परवडत नाही. म्हणजे तिनं ब्रश खाली ठेवून टीव्हीकडे पाहिलं, तर त्या मालिकेसाठी तिनं स्वतःच्या खिशातून तिकीट काढलं, असाच त्याचा अर्थ. तुमच्या-माझ्या सबस्क्रिप्शनपेक्षा हे तिकीट महाग आहे, बॉस.

यंदा डॉक्टरांनी तिला मोतीबिंदू सांगितलाय. गणपती झाले की ऑपरेशन. नंतर काही आठवडे रंग, धूळ, कारखाना सगळं बंद. मावशी म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा रिकामी बसणार. तेव्हा नुसतं ऐकायचं नाय, बघायचं. तू एवढं फोनवर बघत असतेस, मला यादी करून दे. पण फालतू काही नको."

आता आली का पंचाईत! ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये 'अरे ही बघ, सॉलिड आहे' असं सांगणं वेगळं आणि मावशीला यादी देणं वेगळं.

दोन कसोट्या

मग मी दोन कसोट्या ठरवल्या. पहिली मावशीची : ब्रश थांबतो का? दुसरी बाबांची.

बाबा सेकंड शिफ्टला असले की रात्री साडेअकराला घरी यायचे. आई ताट वाढायची आणि त्या दिवशीच्या मालिकेची गोष्ट सांगायची. बाबांनी कित्येक मालिका अशा ताटावरच पाहिल्या. काही मालिकांची गोष्ट भात संपेपर्यंत पुरायची. काहींच्या बाबतीत बाबा विचारायचे, "आज काय झालं?" आणि आई म्हणायची, "काही नाही. कालचंच." ताटावर सांगण्यासारखं काही घडलं का, ही दुसरी कसोटी.

बहुतेक डेली सोप या दोन्हींत नापास होतात, आणि त्याला कारण आहे. आठवड्याला सहा भाग द्यायचे. जाहिराती वजा जाता रोज वीस-बावीस मिनिटांची गोष्ट हवी. सेट उभारण्याचा खर्च वसूल व्हायचा तर मालिका लांबली पाहिजे. त्यात दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि त्याप्रमाणे कथा वळते. मग एक चिठ्ठी सापडायला तीन आठवडे लागतात आणि एका वाक्यावर सहा जणांचे चेहरे, तेही तीन-तीनदा दाखवले जातात. ईटीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ अशी चालली, तीन हजारांहून जास्त भाग. चार दिवस म्हणता म्हणता बारा वर्षं!

पण एक बाजू त्यांचीही आहे. या मालिका बघण्यासाठी नसतातच, त्या सोबतीसाठी असतात. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, गणपती रंगवताना कानावर पडलं तरी समजावं अशीच त्यांची रचना असते. त्या अर्थानं तो चित्रांचा रेडिओ आहे. त्याला नावं ठेवून मी मावशीची रात्र एकटी करणार नाही. फक्त, तो यादीत नाही.

यादीचा वरचा अर्धा भाग

मावशीनं आयुष्यात पहिली मालिका पाहिली ती सुट्टीत, गिरगावात मामाच्या चाळीत. 'चिमणराव'. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर काही वर्षांनी चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपानं. दारात इतकी गर्दी की मावशीला प्रभावळकरांचा अर्धाच चेहरा दिसायचा. तरी तिला तो अजून आठवतो.

म्हणून यादीत पहिला नंबर प्रभावळकरांचाच, पण 'श्रीयुत गंगाधर टिपरे'साठी. २००१ ते २००५, आधी अल्फा आणि मग झी मराठी. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वर बेतलेली, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. बस, एवढंच घर. कोणी कोणाच्या दुधात काही कालवत नाही, कोणाची स्मृती जात नाही. आठवड्याला एक भाग आणि त्यात एक छोटीशी अडचण. प्रभावळकर तेव्हा जेमतेम सत्तावन्नचे होते, पण आबांचं म्हातारपण त्यांनी असं चालून-बोलून दाखवलं की आमच्या आजोबांना ते आपले समवयस्क वाटायचे. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत ऐन वेळी वीज गेली की रोह्यात आमच्या आळीत जो हळहळीचा आवाज उठायचा, तो मी क्रिकेट मॅचलासुद्धा ऐकला नाही. आणि बाबांची कसोटी? टिपऱ्यांची गोष्ट ऐकताना त्यांना ठसका लागायचा. डिस्टिंक्शन!

दुसरा नंबर 'आभाळमाया'. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं तेव्हाची. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी प्राध्यापक होती. नवरा दुसरीकडे गुंतलाय हे कळल्यावर तिनं काय केलं, यापेक्षा तिनं काय केलं नाही, ते मला आवडतं. तिनं थयथयाट केला नाही आणि नोकरीही सोडली नाही. त्याआधी दूरदर्शनवर 'दामिनी'मध्ये प्रतीक्षा लोणकरांची पत्रकार होती. मराठीतली पहिली डेली सोप ती. मालिकेतल्या बाईला ऑफिस असतं, कामाचा ताण असतो, हे तेव्हा आम्हाला नॉर्मल वाटायचं. मग पुढे बायका दिवसभर दागिने घालून दिवाणखान्यात का उभ्या राहायला लागल्या, देव जाणे.

तिसरा 'अग्निहोत्र', स्टार प्रवाह, २००८. नाशिकचा वाडा, दुरावलेली भावंडं आणि गणपतीच्या मूर्तींचं कोडं. यात माझा स्वार्थ आहे. मला मावशीचं मत हवंय, मूर्ती कशा आहेत यावर! शिवाय विक्रम गोखले, मोहन आगाशे, विनय आपटे एकाच मालिकेत. सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन. इथे चेहरा तीनदा दाखवावा लागत नाही, एकदाच पुरतो.

चौथा 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'. मुक्ता बर्वे, स्वप्नील जोशी आणि एक सोयीचं लग्न. पण माझ्या लेखी तिचा सर्वात मोठा गुण म्हणजे ती २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०१२ मध्येच संपली. लोक 'अजून हवी होती' म्हणत असताना पडदा पाडायला धाडस लागतं.

आता आपल्यासाठी

ऑफिसवाल्यांनो, तुमच्यासाठी थोडं वेगळं. 'साराभाई वर्सेस साराभाई' (२००४-०६) अजून पाहिली नसेल, तर आज रात्रीच सुरू करा. तेव्हा तिला टीआरपी नव्हता, आज तिचे डायलॉग पाठ नसलेला माणूस दाखवा. सासू-सुनेची इतकी धमाल मालिका दुसरी नाही आणि गंमत म्हणजे दोघी एकमेकींशी सरळ तोंडावर बोलतात. मावशीला एक भाग दाखवला तर म्हणाली, "ही सासू बरी. जे आहे ते बोलून मोकळी होते."

'ऑफिस ऑफिस' (२००१) मध्ये पंकज कपूरचा मुसद्दीलाल दर वेळी नव्या ऑफिसात जातो आणि खुर्च्यांवर तीच टोळी भेटते. आसावरी जोशींच्या उषाजी आठवतात? नेटवर फॉर्म भरताना शेवटच्या पानावर 'एरर' आला की मला त्याच दिसतात.

'पंचायत' २०२० मध्ये आली आणि मला थेट आमच्याकडची वाटली. फुलेरा उत्तर प्रदेशातलं, पण तो ग्रामपंचायतीचा बंद दरवाजा आणि गावात आलेला कंटाळलेला पोरगा आपल्याला अनोळखी नाही. माझं मत विचाराल तर पहिला सीझन एकदम सही. पुढे राजकारण वाढलं आणि कंटाळ्यातली गंमत कमी झाली.

आणि आता शिव्या खायची तयारी ठेवून सांगते : 'फ्रेंड्स' मला तेवढी चढली नाही. दहा सीझन, २३६ भाग, मान्य आहे. पण त्या सहा जणांना कॉफी पिताना शेवटची गाडी चुकेल अशी भीती कधीच वाटत नाही. त्यापेक्षा 'दिल दोस्ती दुनियादारी' (२०१५) मधलं माजघर मला जवळचं. तिथे खिशात पैसे नसतात आणि गावाकडून फोन येतात.

थांबावं कधी, हे शिकायचं असेल तर ब्रिटिशांची 'फॉल्टी टॉवर्स' बघा. १९७५ मध्ये सहा भाग आणि १९७९ मध्ये सहा. एकूण बारा! आपल्याकडे बारा भागांत साखरपुड्याची साडी ठरत नाही.

एक जागा रिकामी

यादी करताना एक गोष्ट खटकली. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आली आणि सिंधुदुर्गातल्या आकेरीचं घर, तिथली मालवणी महाराष्ट्रभर पोचली. लोकांनी ती समजून घेतली, उचलून धरली. मग आमच्या पेणच्या वाट्याला काय? मावशीच्या शेजारी बसून काम करणाऱ्या अर्ध्या बायका आगरी बोलतात. त्यांची बोली टीव्हीवर मला भेटते ती बहुतेक वेळा चिमूटभर विनोदासाठी. प्रेमात पडणारी, घराचे हप्ते भरणारी, चिडणारी, शहाणी आगरी नायिका माझ्या पाहण्यात नाही. इथे खारेपाटातल्या शेतीची गोष्ट आहे, गेलेल्या जमिनींची आहे, वर्षभर देव घडवून स्वतःच्या घरी गणपती बसवायला धावत जाणाऱ्या बायकांची आहे. ताटावर सांगायला बसलं तर भात संपून ताक येईल इतकी. लिहिणारं कोणी आहे का?

ब्रश थांबला

परवाच्या शुक्रवारी मी यादी कागदावर लिहून नेली. मोठ्या अक्षरात, तिला दिसावी म्हणून. तिनं ती भिंतीवर, ऑर्डरींच्या चिठ्ठ्यांशेजारी लावली. मग म्हणाली, "यातलं एक दाखव तरी." मी रंगाच्या डब्याला फोन टेकवला आणि टिपऱ्यांचा एक जुना भाग लावला.

पहिली दोन मिनिटं ती नेहमीसारखी ऐकत होती. मग आबा काहीतरी पुटपुटले. ब्रश हवेतच राहिला. मावशीनं चष्मा वर केला, फोन जवळ ओढला आणि डोळे बारीक करून बघायला लागली. शेजारच्या दोघीही सरकल्या. समोर पाटावर एक बाप्पा, एक डोळा झालेला, दुसरा व्हायचा.

भाग संपला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. "मावशी, आज दोन-तीन गणपती कमी झाले गं तुझे."

"होऊ देत," ती ब्रश पाण्यात बुडवत म्हणाली. "आबा रोज थोडेच येतात?"

आणि दुसऱ्या डोळ्याकडे वळली.