पक्ष्यांचे फोटो: लेन्सच्या आधी अंतर आणि उजेड

हिवाळ्यात उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरले की भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठावर कॅमेरेही उतरतात. त्याच्या आधी काही आठवडे ओळखीपाळखीतून एकच प्रश्न कानावर येत राहतो: "पक्ष्यांसाठी लेन्स कोणती घेऊ?" प्रश्न रास्त आहे, कारण ही खरेदी लहान नाही. पण चांगला फोटो लेन्सच्या किमतीतून येतो, अशी एक समजूत त्यामागे असते. पक्षी आपल्यापासून किती दूर आहे आणि त्याच्यावर उजेड कसा पडला आहे, या दोन गोष्टी फोटोचं बरंचसं भवितव्य ठरवतात. बहुतेक गैरसमज या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच तयार होतात.

"लेन्स मोठी घेतली की पक्षी जवळ येतो"

येतो, पण वाटतो तितका नाही. बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २० सेंटिमीटर. तो २० मीटरवर आडवा बसला असेल, तर ४०० एमएमची लेन्स सेन्सरवर त्याची ४ मिलिमीटरची प्रतिमा पाडते, ६०० एमएमची लेन्स ६ मिलिमीटरची. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ६०० एमएम लावूनही बुलबुल चौकटीच्या रुंदीचा जेमतेम सहावा हिस्सा व्यापतो. आता तोच बुलबुल १० मीटरवर आला, तर साधी ४०० एमएमच त्याला ८ मिलिमीटरचा करते. अंतर निम्मं झालं की पक्ष्याच्या वाट्याला येणारे पिक्सेल चौपट होतात.

आणि अंतर कमी करायचं ते पक्ष्याच्या मागे धावून नव्हे. वेडा राघू हवेतला किडा टिपून बहुतेक वेळा त्याच फांदीवर किंवा तारेवर परततो. ती जागा हेरायची, सूर्य पाठीशी घ्यायचा, थोडं दूर खाली बसायचं आणि हालचाल थांबवायची. शेकाट्या आणि तुतवारीसारखे चिखलातले पक्षी खात खात काठाने सरकत येतात. त्यांची दिशा पाहून पुढे जाऊन बसलं, तर ते आपण होऊन जवळ येतात. गाडीतून उतरलेल्या माणसाला पाहून उडणारा पक्षी कित्येकदा इंजिन बंद करून थांबलेल्या गाडीकडे दुर्लक्ष करतो. असा जवळ आलेला पक्षी घाबरलेला नसतो, आणि ते फोटोत दिसतं.

अंतराची आणखी एक बाजू हवेची आहे. ऊन वर चढलं की पाण्यावरची आणि माळावरची हवा थरथरू लागते. शंभर मीटरवरच्या रोहिताच्या पिसांचा तपशील त्या थरथरीत विरून जातो. अशा वेळी लेन्सवर संशय घेतला जातो, पण ८०० एमएम लावली तर पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी होते. त्यावर उपाय दोनच आहेत: लवकर पोहोचणं किंवा जवळच्या पक्ष्याकडे वळणं.

लहान सेन्सरवर "४०० ची ६०० होते" हेही असंच अर्धसत्य आहे. एपीएस-सी सेन्सर चौकटीच्या कडा कापतो, प्रतिमा मोठी करत नाही. बुलबुल ४ मिलिमीटरचाच राहतो. त्या ४ मिलिमीटरमध्ये पिक्सेल अधिक दाट असतील, तर तपशील थोडा वाढेल, इतकंच. टेलिकन्व्हर्टरने प्रतिमा खरोखर मोठी होते, पण १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो आणि दुपटीचा दोन स्टॉप. एफ ६.३ च्या झूमवर १.४ चा कन्व्हर्टर चढवला की हातात एफ ९ उरतो. पहाटेच्या उजेडात तो परवडत नाही.

मग मोठ्या लेन्सना इतका मान का? ६०० एमएम एफ ४ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास किमान १५० मिलिमीटर, कारण ६०० भागिले ४. एफ ६.३ ला तोच व्यास सुमारे ९५ मिलिमीटर लागतो. वजन आणि किंमत वाढते ती या काचेमुळे. तिचा मोबदला दाट रानात आणि सूर्योदयाच्या आसपास मिळतो. भिगवणच्या उघड्या पाण्यावर सकाळी आठ वाजता तिची फारशी गरज नसते. माझं मत स्पष्ट आहे: होडी, गाडी किंवा एका जागी बसून काम असेल, तर १५०-६०० किंवा २००-६०० ची झूम घ्यावी. सह्याद्रीतल्या पायवाटा चढायच्या असतील, तर १००-४००. खांद्यावर न पेलणारी लेन्स लवकरच कपाटात राहू लागते.

"स्टॅबिलायझर आहे, मग शटर स्पीडची काळजी कशाला?"

स्टॅबिलायझर आपला हात सावरतो. पक्ष्याचा पंख थांबवणं त्याच्या हातात नाही. निवांत बसलेल्या बगळ्याला आधार घेऊन १/२५० पुरतो. उडणाऱ्या चित्रबलाकाला १/१६०० च्या आसपास लागतो, आणि हवेत एका जागी फडफडत मग पाण्यात झेपावणाऱ्या कवड्या धीवराला १/३२०० सुद्धा कधीकधी कमी पडतो. होडीत ट्रायपॉड उभा करणं तर उलट नुकसानीचं आहे, कारण इंजिनाची सगळी थरथर त्याच्या पायांतून वर चढते. त्यापेक्षा कठड्यावर धान्य भरलेली बीन बॅग ठेवावी किंवा लेन्स हातातच धरावी.

अ‍ॅपर्चर कायम पूर्ण उघडं ठेवावं, हाही पक्का बसलेला समज. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० एमएम, एफ ६.३ आणि १० मीटर अंतर असेल, तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली सुमारे १० सेंटिमीटर असते. एफ ४ ला ती सात सेंटिमीटरच्याही आत येते. समोर तोंड करून बसलेल्या बुलबुलाचा डोळा रेखीव आला, तरी शेपटी धूसर होणार. उजेड मुबलक असताना एफ ८ वर जाण्यात तोटा नाही.

"पांढऱ्या पक्ष्याला प्लस, काळ्याला मायनस"

हा गैरसमज सर्वांत जास्त फोटो बिघडवतो, कारण तो निम्मा खरा आहे. कॅमेऱ्याच्या मीटरला पक्षी कळत नाही. चौकटीतून परत येणाऱ्या उजेडाची गोळाबेरीज करून तिला मध्यम करड्या छटेवर आणणं, एवढंच त्याला येतं. बगळ्याने चौकट भरली असेल, तर मीटर त्या पांढऱ्याला करडं करून टाकतं. तिथे प्लस बरोबर. पण तोच बगळा सावलीतल्या काळसर पाण्यात, चौकटीच्या एका कोपऱ्यात उभा असेल, तर मीटर पाणी पाहतं, एक्स्पोजर वाढवतं आणि बगळ्याची पिसं जळून कोऱ्या कागदासारखी होतात. तिथे मायनस लागतं. म्हणजे पक्ष्याच्या रंगाइतकंच पार्श्वभूमीलाही महत्त्व आहे, आणि पक्ष्याने चौकटीचा किती भाग व्यापला आहे यालाही.

उडणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे कळतं. नदी सुरय उजळ आकाशावरून जाताना मीटर सगळं गडद करतं आणि सुरयाची काळी आकृती उरते. म्हणून आपण एक-दीड स्टॉप प्लस देतो. पुढच्याच क्षणी तो काठावरच्या बाभळींसमोर येतो आणि त्याच प्लसमुळे पांढराफटक होतो. या दोन क्षणांत त्याच्यावर पडणारं ऊन मात्र तसूभरही बदललेलं नसतं. ऊन स्थिर असताना मॅन्युअल वापरायचं कारण हे आहे: मोजायचा तो पक्ष्यावर पडणारा उजेड, मागच्या दृश्याचा नव्हे.

फिल्मच्या काळातली मोजणी इथे आजही उपयोगी पडते. स्वच्छ ऊन, सूर्य पाठीशी, एफ १६ ला शटर आयएसओच्या आकड्याइतका. आयएसओ ४०० असेल तर १/४००. तिथून एफ ५.६ वर आलं की तीन स्टॉप उजेड वाढतो, म्हणून शटर १/३२००. बगळ्यासारख्या पांढऱ्या पक्ष्याला त्याहून अर्धा ते एक स्टॉप कमी द्यावा. सूर्य नुकताच वर आला असेल, तर एक-दोन स्टॉप जास्त. हा आकडा लावून एक फोटो काढावा आणि मागच्या पडद्यावर जळालेले भाग लुकलुकतात का, ते पाहावं. शेकाट्या काळ्या-पांढऱ्या अंगाचा. त्याचं पांढरं पोट सांभाळावं आणि काळा पंख गडद राहू द्यावा. रॉ फाइलमध्ये अंधारातून पुष्कळ काही परत आणता येतं, जळालेल्या पांढऱ्यातून काहीच नाही.

मात्र "खरा फोटोग्राफर मॅन्युअलच वापरतो" हेही खरं नाही. ढगांची ये-जा असेल किंवा झाडीत ऊन-सावली सतत बदलत असेल, तर शटर आणि अ‍ॅपर्चर आपण ठरवून आयएसओ ऑटोवर सोडणं शहाणपणाचं.

"आयएसओ ८०० च्या वर गेलं की फोटो वाया"

पावसाच्या तोंडावर नवरंग वीण करायला येतो आणि कर्नाळ्यासारख्या रानात जमिनीवरचा पालापाचोळा उकरत फिरतो. तिथे आयएसओ ८०० वर अडून बसलं, तर शटर १/६० वर येऊ शकतो, आणि नवरंगाने मान हलवली की सगळं पुसट. १/४०० हवा असेल, तर आयएसओ ५००० च्या पुढे न्यावाच लागतो. बेधडक न्यावा. फोटोतले दाणे मुख्यतः उजेड कमी पडल्यामुळे येतात. कमी आयएसओवर काळोखा फोटो काढून तो संगणकावर उजळला, तरी तेच दाणे वर येतात. दाणे सॉफ्टवेअरने बरेच कमी होतात. हललेल्या डोळ्याला पुन्हा रेखीव करणारं भरवशाचं साधन मात्र नाही.

"मी तर लांबून काढतो, मग पक्ष्याला त्रास कसला?"

लेन्सची लांबी पक्ष्याला कळत नाही, आपलं येणं कळतं. खाणं थांबवून मान ताठ करणं, सगळ्या थव्याने एकाच दिशेला चालू लागणं, शेपटी झटकत सतत ओरडणं, ही उडण्याच्या आधीची लक्षणं आहेत. ती दिसली की तिथेच थांबावं, शक्य तर मागे यावं. उजनीवर येणारे पट्टकदंब हिमालय ओलांडून आलेले असतात, आणि परतीच्या प्रवासासाठी त्यांना इथे पोटभर खायचं असतं. उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून होडी त्यांच्यात घालायला लावणं म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणं आहे. मोबाइलवर आवाज वाजवून वीण हंगामात पक्षी बोलावणंही तसंच. नर आपली हद्द राखायला धावून येतो आणि पिलांना भरवायचा वेळ त्यात जातो.

घरट्याजवळ तर थांबूच नये. आपण उभे असेपर्यंत पालक दूर राहतात आणि उघडी अंडी उन्हात तापतात. आडोसा म्हणून असलेली फांदी बाजूला केली की कावळ्याला वाट दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणं समाविष्ट आहे.

यंदा भिगवणला जाल, तेव्हा होडीत बसण्याआधीच नावाड्याला सांगा: थव्यापासून लांब इंजिन बंद करा, पक्षी उडवू नका, फोटो नाही मिळाला तरी चालेल. तिथले बरेच नावाडी मासेमारी करणाऱ्या घरांतले आहेत आणि पाणी-पक्षी आपल्यापेक्षा चांगले ओळखतात. गिऱ्हाइकाने घाई केली नाही, तर थवा घाबरणार नाही अशी जागा ते स्वतःच शोधून देतात.