मास्तर पुन्हा विद्यार्थी होतो तेव्हा

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस आपण साजरा करतो. पण नोकरी करणाऱ्या दलित शिक्षकाने १९२० हे सालही ध्यानात ठेवावे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. १९१८ पासून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा साठविला आणि १९२० साली नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला विद्यार्थी झाले.

१९६२ साली शिवाजी विद्यापीठ झाले आणि सातारा-सांगलीला एम.ए. जवळ आले खरे. सांगली जिल्ह्यात शिक्षक असताना मी बहिःस्थ म्हणून एम.ए.ला बसलो. बहिःस्थ म्हणजे परीक्षेला बसण्याची मुभा. रोजचा वर्ग, प्राध्यापकांशी चर्चा त्यात नाही. शाळेकडे रजा मागितली, ती बिनपगारी मिळाली. एक सहकारी म्हणाले, "सवलतीत नोकरी लागली, आता आणखी कशाला शिकता?"

आमच्याकडे बुद्धी नाही असे नव्हे. वेळ आणि पैसा नाही. बाबासाहेबांना शिकण्यासाठी नोकरी सोडावी लागली. शंभर वर्षांनंतरही आमच्या शिक्षकाने घरची चूल किंवा पुस्तक, यांतून एकच निवडायचे काय? भरपगारी अभ्यासरजा ही कुणाची मेहेरबानी नव्हे. ती आपण हक्क म्हणून मागितली पाहिजे.