राक्षसभुवनची एकजूट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गेवराई तालुक्यातले गोदाकाठचे राक्षसभुवन बहुतेकांना शनीच्या ठाण्यामुळे ठाऊक असते. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजाम अलीच्या फौजेचा मोड केला, तो इथेच. शेजारची राज्ये संकटात एकत्र येतात का आणि किती काळ राहतात, याचा हा बीडच्या मातीतला दाखला. मात्र त्याभोवती काही समज घट्ट रुजले आहेत.

गैरसमज : ही दोन धर्मांची लढाई होती.

वस्तुस्थिती : या लढाईत निजामाकडून लढताना मारला गेलेला त्याचा दिवाण होता विठ्ठल सुंदर. आदल्याच वर्षी राघोबादादांनी सख्ख्या पुतण्याला, म्हणजे माधवरावांना नमवण्यासाठी निजामाची मदत घेतली होती. बाजू ठरत होती ती हितसंबंधांवरून.

गैरसमज : शत्रू दारात आला की शेजारी आपोआप एक होतात.

वस्तुस्थिती : १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले, तेव्हा नागपूरकर जानोजी भोसले त्याच्याच बाजूला होते. त्यांना वळवण्यासाठी ३२ लाख उत्पन्नाचा मुलूख कबूल करावा लागला.

गैरसमज : एकी झाली की विजय ठरलेलाच.

वस्तुस्थिती : एकीला अचूक वेळेची जोड मिळाली. निजाम काही फौजेसह गोदावरी ओलांडून गेला होता, दिवाण उरलेल्या फौजेनिशी दक्षिण तीरावर होता. पावसाळ्यातल्या नदीमुळे दोन्ही भागांची ताटातूट झाली आणि मराठ्यांनी नेमका तेव्हाच हल्ला चढवला.

गैरसमज : एकदा जमलेली एकी टिकते.

वस्तुस्थिती : तीनच वर्षांत, १७६६ मध्ये, माधवरावांनी निजामालाच सोबत घेऊन जानोजींकडून २४ लाखांचा मुलूख परत घेतला. पुढे मार्च १७९५ मध्ये बीडच्या सीमेलगत खर्ड्याला शिंदे, होळकर आणि भोसले पेशव्यांच्या झेंड्याखाली जमले आणि निजाम हरला. पण १८०३ मध्ये असईला इंग्रजांसमोर शिंदे-भोसल्यांच्या फौजा उभ्या होत्या, यशवंतराव होळकर बाजूला राहिले. ते लढाईत उतरले १८०४ मध्ये, तोवर शिंदे-भोसल्यांनी तह केले होते.

गैरसमज : खंबीर नेता असला की पुरे.

वस्तुस्थिती : खर्ड्याची जुळणी पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांनी केली होती. सरदारांची फौज आणि खजिना मात्र ज्याचा त्याच्याकडेच राहिला. कोणी कधी आणि किती फौज आणायची, हे दरवेळी नव्याने ठरवावे लागे. १८०० मध्ये नाना गेले आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजी फौजेचा आश्रय घेतला. कायमची यंत्रणा नसण्याची ही उणीव १९४९ साली स्थापन झालेल्या नाटो या लष्करी आघाडीत नाही. एका सदस्यावरचा हल्ला सर्वांवरचा मानण्याचे कलम तिच्या करारात आहे. शिवाय शांततेच्या काळातही संयुक्त सेनापती आणि एकत्र सराव असतो. तिथेही मतभेद होतातच, पण तयारी एका कारभाऱ्याच्या आयुष्यावर अवलंबून राहत नाही.