मिठाला ऊन फुकट, कॉस्टिकला वीज विकत

रोहा, प्रतिनिधी - पेणच्या खारेपाटात भरतीचे पाणी बांधात कोंडून उन्हावर मीठ पिकविण्याची विद्या जुनी आहे. त्याच मिठापासून कॉस्टिक सोडा करावयाचा झाल्यास मात्र वीज मोजून द्यावी लागते. उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा तिचाच असतो.

मिठाच्या द्रावणातून विद्युतप्रवाह सोडला असता धनाग्राशी क्लोरीन, ऋणाग्राशी हायड्रोजन मिळतो आणि द्रावणात कॉस्टिक तयार होते. टनभर कॉस्टिकला सुमारे दीड टन मीठ लागते. सोबत ८८० किलो क्लोरीन व २५ किलो हायड्रोजन निघतो. धाटावसारख्या रासायनिक वसाहतींत तयार होणारी कीटकनाशके, रंग, औषधे यांच्या मुळाशी बहुधा हीच रसायने असतात.

विजेचा हिशेब सोपा आहे. एका टनास ६७० किलोअँपिअर-तास एवढा विद्युतभार लागतो. तो फॅरडेच्या नियमाने ठरलेला. तेथे घासाघीस चालत नाही. बचत होते ती केवळ व्होल्टेजमध्ये. पाऱ्याच्या जुन्या घटास चार व्होल्टहून अधिक दाब लागे व टनामागे तीन हजारांवर युनिटे खर्ची पडत. मेम्ब्रेन घटात तीन व्होल्टच्या आसपास भागते आणि युनिटे २२०० ते २५०० वर येतात. शिवाय पारा नदीनाल्यांत जाण्याचा धोका टळतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २००३ मध्ये जाहीर केलेल्या सनदेत पाराघट बंद करण्यास २०१२ ची मुदत होती. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्राचे पाणी घेऊन रोह्यावरून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्यांना या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मेम्ब्रेनचे पथ्य मात्र कडक. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते ते प्रामुख्याने त्यातील मॅग्नेशियम क्षारामुळे. हे मॅग्नेशियम व कॅल्शियम मेम्ब्रेन निकामी करतात. त्यामुळे द्रावणातील त्यांचे प्रमाण अब्जामागे काही थोड्या भागांवर आणावे लागते. खाडीचे मीठ थेट घटात चालत नाही.

पुढची पायरी ऑक्सिजन-ऋणाग्राची आहे. ऋणाग्राला ऑक्सिजन पुरविला की हायड्रोजन निर्माणच होत नाही, दाब सुमारे एक व्होल्टने उतरतो आणि वीज पाव हिश्श्याहून अधिक वाचू शकते. जेथे हायड्रोजन बॉयलरमध्ये जाळला जातो किंवा हवेत सोडला जातो, तेथे हा सौदा परवडेल. जेथे तो विकला जातो, तेथे ऑक्सिजनच्या किमतीसह हिशेब नव्याने मांडावा लागेल.