पुराचा अंदाज आणि धरणाचे दरवाजे

संकटकाळी निर्णयाला मदत करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली कशी रचावी, याची कसोटी पूर्णा-गोदावरीच्या खोऱ्यात चांगली लागते. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात पूर्णा नदी गोदावरीला मिळते. पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे, गोदावरीवर वर जायकवाडी आणि खाली नांदेडजवळ विष्णुपुरी. इथला पूर पावसाचा जितका, तितकाच दरवाज्यांचा. त्यात दोन्ही नद्या एकदम चढल्या, की गोदावरीच्या फुगवट्याने पूर्णेचे पाणी तुंबते.

गुगलने २०१८ मध्ये पाटण्यापासून पूरअंदाज सुरू केला. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधानुसार या पद्धतीचा पाच दिवस आधीचा अंदाज प्रचलित जागतिक प्रणालीच्या त्याच दिवशीच्या अंदाजाइतका भरवशाचा ठरला. कामगिरी मोठीच. पण असे प्रारूप मुख्यतः पाऊस आणि प्रवाह यांचे नाते शिकते. अभियंता विसर्ग कधी वाढवील, हे पावसाच्या आकड्यांत सापडत नाही. म्हणून धरणांखालच्या गावांसाठी जलाशयाची पातळी, परिचलन सूची (कोणत्या काळात किती साठा ठेवायचा, त्याचे वेळापत्रक) आणि ठरलेला विसर्ग हेही प्रणालीला तासातासाला मिळायला हवे. अभियंत्यापुढचा पेचही तिने ओळखावा: धरण आधीच रिकामे केले आणि पाऊस रुसला, तर रब्बीचे पाणी गेले.

उत्तर एकाच आकड्यात देणे धोक्याचे. नांदेडच्या जुन्या पुलावर इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोका पातळी ३५४ मीटर आहे. ‘उद्या ३५३’ असे कळले, की माणूस निर्धास्त होतो. ३५४ ओलांडण्याची शक्यता किती, हे कळले तर तयारीला लागतो. तयारीचा खर्चही सारखा नसतो. नदीकाठच्या पाण्याच्या मोटारी काढणे, जनावरे वर नेणे थोडक्यात होते, त्यासाठी कमी शक्यताही पुरे. गाव हलवायला अधिक खात्री लागते. अशा वेगवेगळ्या मर्यादा प्रशासनाने पावसाळ्याआधीच ठरवाव्यात; त्या यंत्रावर सोपवू नयेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, जबाबदारीही तिथेच राहते.

महापूर क्वचित येत असल्याने यंत्राच्या शिकवणीत तो कमीच असतो, आणि नेमक्या त्याच वेळी अंदाज कमी पडू शकतो. नदीवरचा पातळी-मापक बंद पडला असेल, तर पडद्यावर जुना आकडा ताजा म्हणून दिसता कामा नये. शेवटचा टप्पा गावाचा. ‘इतके क्युसेक विसर्ग’ या संदेशातून पोलीस पाटलाला फारसे उमगत नाही. कोणता पूल किती वाजेपर्यंत पाण्याखाली जाईल, हे मराठीत कळले, तर दवंडी वेळेत देता येते.